रुपचंदचा वस्तरा

हिलालनाना सैंदाणे यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायच्या असं ठरवून बसले आहे, पण सुरुवात चोरीपासूनच करावी लागणार. हा माणूस माझ्या शिलाई मशीनचं तेल चोरतो. जळगावच्या मेहरूणमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आणि त्यांचं केस कापायचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. त्या पत्र्याला एका कोपऱ्यात फट आहे. फटीतून पावडरचा वास येतो, गिऱ्हाइकांच्या गप्पा येतात आणि अधूनमधून एक हात येतो. मी बघत असले तर हात म्हणतो, "लताबाई, दोन थेंब." बघत नसले तर काही न म्हणता कुपी घेऊन जातो.

आधी मला वाटायचं, कात्रीला लावत असतील. कात्रीला एवढं तेल लागत नाही. मग वाटलं डोक्याला लावत असतील, पण नानांच्या डोक्यावर लावण्यासारखं काही नाही. जन्मभर दुसऱ्यांचे केस कापणाऱ्याला टक्कल द्यायचं आणि माझ्यासारखीला, जिला स्वतःचं ब्लाऊज शिवायला वेळ नाही, तिला रोज पंचवीस बायकांची मापं घ्यायला लावायचं, अशी देवाची एकेक खोड असते. शेवटी एकदा मी कुपीसकट तो हात धरला आणि विचारलं, "नाना, हे तेल जातं कुठे?"

"रुपचंदच्या वस्तऱ्याला," पत्र्यापलीकडून उत्तर आलं.

रुपचंदभाऊंना मी ओळखत होते. मेहरूणला आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे, सरकी-ढेपेचं दुकान चालवायचे. नाना आणि ते एकाच गावचे, एकाच वर्गात एकाच बाकावर नापास झालेले. पुढे मुलाला धुळ्यात नोकरी लागली आणि सगळं कुटुंब धुळ्याला गेलं. लोक सांगतात की रुपचंद वस्तऱ्यामुळे गाव सोडून गेला. ते खोटं आहे. मुलाच्या नोकरीमुळे गेले. वस्तऱ्यामुळे फक्त परत येईनासे झाले.

आता वस्तऱ्याचं सांगते. नानांच्या दुकानावर पूर्वी 'सेना केशकर्तनालय' अशी पाटी होती, आता 'हितेंद्र मेन्स स्टुडिओ' आहे. हितेंद्र त्यांचा मुलगा. तो अर्धं पातं घालायच्या रेझरनं दाढ्या करतो. गिऱ्हाइकासमोर नवं पातं मोडून दाखवतो, दाढी झाली की फेकून देतो. नानाही कित्येक वर्षांपासून तसंच करत आले. रोगराईच्या भीतीनं लोकांनी जुन्या वस्तऱ्याकडे पाठ फिरवली, आणि नानांना त्यात काही गैर वाटलं नाही. ते म्हणतात, "माझ्या बापानं एकाच वस्तऱ्यानं अख्खं गाव भादरलं. गाव वाचलं ते देवाची कृपा, बापाची नाही."

वडिलांचे वस्तरे मात्र त्यांनी ठेवले. सगळे डब्यात पडून होते, एक सोडून. तो काळ्या शिंगाच्या मुठीचा, जर्मन पोलादाचा. तो रुपचंदभाऊंचा. म्हणजे मालकी नानांची, पण त्यानं दाढी फक्त रुपचंदभाऊंची व्हायची, दुसऱ्या कुणाच्या गालाला तो लागला नाही. रुपचंदभाऊंना पात्याचा रेझर चालायचा नाही. "ब्लेडनी बटाटा सोलतस," असं म्हणायचे. दर रविवारी येऊन बसायचे, आणि दाढी होईपर्यंत दोघंही एकमेकांच्या सासुरवाडीचा उद्धार करायचे. पत्र्याअलीकडे माझ्या मशीनचं चाक थांबायचं ते ऐकायला.

मग ती आखाजी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठी. दुकान गच्च भरलेलं, बाकावर माणसं, दारात माणसं. रुपचंदभाऊंचा डावा गाल झाला होता, उजव्या गालाला साबण होता. आणि त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हटलं, "हिलाल, वस्तरा बोथट शे रे भो."

नानांचा हात थांबला. "वस्तरा बोथट नही," ते म्हणाले. "तुन्ही कातडी गेंडानी शे."

दुकान हसलं. खदाखदा हसलं. इतक्या माणसांच्या हसण्यात एखादा मनुष्य हसून मोकळा झाला असता. रुपचंदभाऊ खुर्चीतून उठले, साबण तसाच गालावर घेऊन, गळ्यातलं फडकं न सोडता, भर आखाजीच्या गर्दीतून घरी गेले. फडकं नंतर बायकोच्या हाती धुऊन परत आलं, घडी करून. सोबत निरोप होता: "जवय हिलाल बठ्ठासना समोर सांगी का वस्तरा बोथट व्हता, तवयच मन्ही दाढी व्हई." हिलाल सगळ्यांसमोर सांगेल की वस्तरा बोथट होता, तेव्हाच माझी दाढी होईल.

नानांनीही निरोप धाडला. दाढी होईल ती त्याच वस्तऱ्यानं, आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी त्याची धार त्या आखाजीला होती तशीच असेल. मग बघू बोथट कोण आहे ते.

झालं. दोन म्हातारे, एक दाढी, एक वस्तरा. रुपचंदभाऊंची दाढी धुळ्यात वाढत राहिली आणि नानांचा वस्तरा मेहरूणमध्ये धारेवर राहिला. माणसाला खटल्यासाठी साक्षीदार जिवंत ठेवावा लागतो, तसा नानांनी तो जिवंत ठेवला. रुपचंद एक ना एक दिवस येणार, खुर्चीत बसणार, आणि त्या दिवशी वस्तरा जर एका केसाला अडला तर रुपचंद खरा आणि हिलाल खोटा. आयुष्यभर लोकांच्या गळ्याशी पोलाद धरलेल्या माणसाला एवढी एकच अब्रू असते, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगून पाहिलं की अब्रू कुठेतरी दुसरीकडे असते. त्यांनी तेल उचललं आणि हात मागे घेतला.

वस्तरा ठेवायचा कसा, यावर नाना तासभर बोलू शकतात आणि बोलतात. "वस्तरा वापरून मरत नाही, लताबाई. ठेवून मरतो." ठेवण्याआधी कोमट पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा. मुठीच्या खाचेत, खिळ्याजवळ पाणी दडून बसतं, तिथे कापसाची वात फिरवायची. मग चामड्याच्या पट्ट्यावर मारायचा. मग तेल, तेही खोबरेल नाही, कारण खोबरेल चिकट होतं आणि त्याला उंदीर येतात. मशीनचं तेल, म्हणजे माझं. वस्तऱ्याच्या पाठीकडून धारेकडे बोट फिरवायचं, उलटं फिरवलं तर बोट जातं. मग जुन्या धोतराचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा, त्यालाही तेलाचा हात, आणि त्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

चामड्याच्या म्यानात ठेवायचा नाही. लोक हौसेनं ठेवतात. "चामडं पाणी पितं, आणि रात्रभर पोलादाला पाजतं," असं नाना म्हणतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच, आत घाम सुटतो. डब्याच्या तळाशी तुरीच्या डाळीची पुरचुंडी ठेवायची, मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवलेली, म्हणजे डब्यातला ओलावा डाळ ओढून घेते. जळगावात डाळीला काय तोटा. दर उन्हाळ्यात जुनी डाळ जाऊन नवी यायची, आणि जुनीचं वरण व्हायचं. बेबाबाई, म्हणजे नानांच्या बायको, शपथ घेऊन सांगतात की त्या वरणाला मशीनचा वास येतो.

तुम्हाला वाटेल पावसाळा हा वस्तऱ्याचा शत्रू. पावसाळा आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो. खरा शत्रू कूलर. एप्रिलपासून घराघरात कूलर लागतो, ओल्या वाळ्यातून वारा येतो, आणि घरातल्या भिंतीसुद्धा दमट होतात. पंचेचाळीस डिग्रीत, जेव्हा बाहेर कुत्री नालीत जाऊन बसतात, तेव्हा नाना डबा घेऊन कूलर नसलेल्या एकुलत्या एक खोलीत, म्हणजे दुकानामागच्याच घराच्या माळ्यावर जायचे. एकदा तिथेच त्यांना चक्कर आली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: "डबा कुठे?" बेबाबाईंनी तेव्हा त्यांना जे सुनावलं ते पत्र्यातून मला ऐकू आलं, पण ते लिहिता येण्यासारखं नाही.

मधूनमधून डबा उघडायचा. वस्तरा काढून पुसायचा, आणि धार डाव्या हाताच्या केसांना लावून बघायची. नुसतं टेकवल्यावर केस पडला पाहिजे. त्यामुळे नानांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत नववधूसारखा गुळगुळीत आहे आणि उजव्यावर रान माजलंय. अनोळखी गिऱ्हाइकं विचारतात काही आजार आहे का. दगडाला मात्र ते वस्तरा लावू देत नाहीत, स्वतःलाही नाही. वापर नसताना दगडावर घासायचं म्हणजे उपाशी माणसाला जुलाब देण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. पोलाद झिजतं आणि मिळत काही नाही.

हितेंद्रनं एकदा सुचवलं, "पप्पा, म्युझियमला देऊन टाका." नाना म्हणाले, "आधी मला दे."

मग कोरोना आला, दुकानं बंद झाली, आणि अख्ख्या जिल्ह्याची दाढी वाढली. तेव्हा नाना पहिल्यांदा खचलेले मी पाहिले. धंदा बसला म्हणून नव्हे. "आता रुपचंदच्या दाढीला कोण विचारणार? साऱ्या धुळ्याची त्याच्याएवढी झाली," असं म्हणत ओट्यावर बसायचे. त्या माणसाच्या दाढीची किंमत उतरू नये म्हणून हा माणूस झुरत होता. याला भांडण म्हणायचं की काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

आणि गंमत अशी की बायकांचं बोलणं एक दिवसही थांबलं नव्हतं. रुपचंदभाऊंची बायको आणि बेबाबाई आखाजीच्या दुसऱ्या दिवसापासून फोनवर होत्या. कुणाच्या मुलीला दिवस गेले, कुणाच्या सुनेनं कुणाला काय म्हटलं, सगळं इकडून तिकडे जात होतं. नवऱ्यांना माहीत होतं. दोघंही ऐकू येत नसल्यासारखं करायचे आणि नंतर सहज विचारल्यासारखं विचारायचे, "खोकला कमी झाला का त्याचा?"

आता खंडेनवमीचं. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पुजतात. मी माझी कात्री आणि मशीन पुजते, समोरचा मिस्तरी त्याची करणी आणि ओळंबा. हत्याराला हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ फोडायचा, आणि दसऱ्यापर्यंत हत्यार हलवायचं नाही. त्यालाही एक दिवस विश्रांती. सुंदर चाल आहे. फक्त ओलं कुंकू आणि पोलाद यांचं पटत नाही, हे चाल पाडणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

नाना दरवर्षी यातून पळवाट काढायचे. बिस्किटाचा डबा बंदच ठेवून पाटावर मांडायचे आणि झाकणाला कुंकू लावायचे. झाकणावर एक गोरा बाबा आणि एक कुत्रं होतं. म्हणजे इतकी वर्षं आमच्या गल्लीत खंडेनवमीला त्या कुत्र्याची पूजा होत होती. बेबाबाईंना हे मनातून खुपत होतं. "देवीला डब्याचं झाकण दाखवता, मग देवीपण तुम्हाला झाकणच दाखवणार," असं त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी खंडेनवमीला नाना शिरपूरला भाचीकडे गेले होते, आणि पूजा बेबाबाईंच्या हाती आली. त्याच सकाळी धुळ्याहून फोन आला होता. रुपचंदभाऊंच्या गळ्याला गाठ निघाली. घास खाली उतरेना म्हणून डॉक्टरला दाखवलं तेव्हा सापडली, दाढीखाली. ऑपरेशन जळगावला करायचं, मुलगी इथेच गणेश कॉलनीत आहे म्हणून. दसऱ्याला सकाळी ॲडमिट, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

बेबाबाईंनी मला हे दारात उभं राहून सांगितलं. नानांना अजून सांगितलं नव्हतं, प्रवासात आहेत म्हणून. मग त्या आत गेल्या, डबा उघडला, आणि सगळे वस्तरे बाहेर काढून पाटावर उघडे मांडले. रुपचंदभाऊंचा मधोमध. त्यांनी तो तेलकट म्हणून आधी साबणानं धुतला, देवापुढे तेलकट वस्तू कशी ठेवायची. मग ओल्या बोटानं हळदकुंकू, पात्यावर पाच ठिकाणी. झेंडूची फुलं, पाण्यातून काढलेली. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. आणि डोळे मिटून, मी पाहिलं, हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. काय मागितलं ते सांगायची गरज नाही. मीही मागे उभी राहून तेच मागितलं. माझ्या हातात तेलाची कुपी होती की काय हे आता आठवून उपयोग नाही, तेव्हा आम्हा दोघींनाही त्या गाठीखेरीज काही सुचत नव्हतं.

दसऱ्याला दुपारी नाना शिरपूरहून आले ते थेट दुकानात. सणाची गर्दी होती, हितेंद्र एकटा पुरा पडत नव्हता. पिशवी ठेवून त्यांनी हात धुतले, तेवढ्यात दारासमोर रिक्षा थांबली. रिक्षातून आधी दाढी उतरली. पांढरी, छातीपर्यंत. तिच्यामागे रुपचंदभाऊ, वाळलेले, काठी टेकत, आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी.

जुन्या गिऱ्हाइकांना गोष्ट माहीत होती, नव्यांना जुन्यांनी कोपरानं सांगितली. मी मशीन सोडून दारात येऊन उभी राहिले, आपल्याला काय लाज.

रुपचंदभाऊंनी खिशातून आपट्याची पानं काढली. "ले, सोनं ले," म्हणाले. आवाज खरखरीत झाला होता.

नानांनी पानं घेतली. "सोन्यासारखा ऱ्हाय," म्हणाले.

"दाढी करनी शे," रुपचंदभाऊ खुर्चीत बसत म्हणाले. "उद्या गळानं ऑपरेशन शे. डाक्टरनी सांगं, दाढी काढनी पडी. तठे एक पोऱ्या प्लास्टिकना रेझर लिसन उभा व्हता. मी म्हनं, मन्हा वस्तरा मेहरूणमा शे."

माझा वस्तरा मेहरूणमध्ये आहे. नाना ऑपरेशन हा शब्द ऐकून पांढरे पडले होते, पण हे वाक्य ऐकून त्यांचा चेहरा जो उजळला, तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. बिचाऱ्यांनी सगळ्या दुकानाकडे एकदा पाहिलं. इतक्या वर्षांचं तेल, डाळ, माळा, चक्कर, सगळं याच घटकेसाठी तर होतं. "बेबा," त्यांनी मागच्या दाराकडे हाक मारली, "डबा आण."

बेबाबाई डबा नाही, पाट घेऊन आल्या. पूजा अजून उचलली नव्हती. नानांनी झेंडू बाजूला केला.

पात्यावर कुंकवाचे पाच ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती तांबूस कडा. धारेवर एका बाजूनं गंजाची बारीक रांग चढली होती. बाकीचे वस्तरेही तसेच. नानांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला, आणि सवयीनं डाव्या हाताला लावला. हातावर बऱ्याच दिवसांनी आलेले चार केस होते. चारही उभेच राहिले.

हितेंद्र हुशार आहे. तो हळूच म्हणाला, "पप्पा, नवं ब्लेड टाकतो. काकांचे डोळे मिटलेत." खरोखर मिटलेले होते. रुपचंदभाऊ मान मागे टाकून बसले होते. पट्ट्याचा आवाज काढून हितेंद्रच्या रेझरनं उरकलं असतं तर त्यांना गालावर फरक कळलाही नसता. अब्रू राहिली असती, खटला जिंकला असता, आणि नाना सुटले असते. मी नानांकडे पाहत होते. त्यांनी बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"रुपचंद," नाना म्हणाले. "वस्तरा बोथट शे."

रुपचंदभाऊंनी डोळे उघडले.

"आज बोथट शे," नाना म्हणाले. मग जरा मोठ्यानं, दारातल्यांनाही ऐकू जाईल असं: "त्या आखाजीले बी बोथट व्हता."

हे धादांत खोटं आहे. त्या आखाजीच्या सकाळी पत्र्याच्या अलीकडे मी होते, आणि दुकान उघडण्याआधी नानांनी त्याच वस्तऱ्यावर किती वेळ पट्टा मारला ते मी ऐकलं होतं, कारण त्या आवाजानं माझं डोकं उठलं होतं. वस्तरा चोख होता. नानांनी जन्मात माझ्यासमोर तेल सोडून काही चोरलं नाही आणि ही थाप सोडून दुसरी मारली नाही. मला ती थाप फार आवडली, हे इथे सरळ सांगून टाकते.

"मी तवयच सांगेल व्हतं," रुपचंदभाऊ म्हणाले आणि परत डोळे मिटले. विजयाचा आव नाही, काही नाही. बऱ्याच दिवसांनी आपल्या अंथरुणावर आडवा झालेला माणूस दिसतो तसे दिसत होते.

"गंजना तं बरं व्हयनं," बेबाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नही तं तुम्हना तोंडना गंज कवय निंघता?" गंजला ते बरंच झालं, नाहीतर तुमच्या तोंडाचा गंज कधी निघाला असता. यावर दुकान हसलं, आणि या खेपेला रुपचंदभाऊही हसले.

मग नानांनी दगड काढला. इतकी वर्षं ज्याला हात लावू दिला नाही तो दगड धुऊन, पाणी टाकून, मांडीवर घेऊन बसले आणि वस्तरा घासू लागले. आधी गंज गेला, मग खरखर गेली, मग आवाज बारीक होत गेला. बाकावरचं एकही गिऱ्हाईक उठून गेलं नाही. दवाखान्यातून रुपचंदभाऊंच्या मुलीला दोनदा फोन आला, दोनदा तिनं ट्रॅफिकचं कारण सांगितलं. मी कुपी आणून दिली. फटीतून नाही, दारातून.

कात्रीनं दाढी उतरवून झाली आणि साबण लागला. नानांनी गालावरून पहिला हात फिरवला, दुसरा फिरवला. रुपचंदभाऊ गप्प होते. हनुवटी झाली. मग मान वर करून गळ्यावर डाव्या हाताचं बोट ताणायला ठेवलं, आणि नाना थांबले.

गाठ सुपारीएवढी होती, जबड्याच्या खाली. साबणातूनही दिसत होती. त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला आणि दोन बोटांनी ती चाचपली, हलकेच, जन्मभर गळे चाचपलेल्या बोटांनी.

"कवयपाईन शे हाई?" नानांनी विचारलं. कधीपासून आहे ही.

"माले काय माहीत," रुपचंदभाऊ म्हणाले. "दाढीखाल दिसनी नही."

नानांची बोटं गाठीवरच राहिली. मग एकदम त्यांचा आवाज फाटला. "मन्हा हातखाल ऱ्हाता तं आठवडामा सापडी जाती रे," ते म्हणाले, "आठवडामा." माझ्या हाताखाली असतास तर आठवड्यात सापडली असती. आणि हा माणूस, ज्यानं सगळ्या मेहरूणची मयतं पाहिली, दहाव्याला किती पोरांची डोकी कोरड्या डोळ्यांनी भादरली, तो भरल्या दुकानात रुपचंदभाऊंच्या साबण लागलेल्या गळ्यावर हात ठेवून रडला. मी पण रडले. कोण नाही रडलं ते बघायला मला दिसत नव्हतं.

रुपचंदभाऊंनीच शेवटी त्यांचा हात थोपटला. "आते कर पुरं," म्हणाले. "अर्धी सोडशी तं आखो इतला वरीस जातीन." अर्धी सोडलीस तर पुन्हा इतकी वर्षं जातील.

नानांनी ती पुरी केली. गाठीभोवती वस्तरा इतका हलका चालला की तिथे आवाजही आला नाही.

ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली नाही, पण आवाजाची एक नस तिच्यात गुरफटलेली होती, ती दुखावली. रुपचंदभाऊंना आता ओठ हलतात, वारा निघतो, शब्द जेमतेम निघतो. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. आला तर आला. ते आणि त्यांची बायको आता मुलीकडे गणेश कॉलनीतच राहतात, आणि बेबाबाईंचं फोनचं बिल संपलं, कारण दोघी दिवसभर माझ्याच दुकानात बसतात.

बिस्किटाचा डबा रिकामा आहे. बाकीचे वस्तरे नानांनी खरंच कुणाला तरी देऊन टाकले, आणि हा एक आता डब्यात जात नाही. तो दर रविवारी वापरात असतो, पट्ट्यावर मारून आरशाखाली ठेवलेला असतो. चालत्या वस्तऱ्याला तेल फारसं लागत नाही. माझी कुपी महिनोन्महिने भरलेली राहते. फटीतून हात येत नाही याचं मला वाईट वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

रविवारी सकाळी दुकान भरलेलं असतं. रुपचंदभाऊ खुर्चीत असतात, डावा गाल झालेला असतो, उजव्याला साबण असतो. मग ते बोटानं खुर्चीच्या हातावर टकटक करतात. नाना वस्तरा थांबवून खाली वाकतात आणि कान त्यांच्या तोंडाशी नेतात. रुपचंदभाऊंचे ओठ हलतात. कुणालाच काही ऐकू येत नाही.

नाना सरळ उभे राहतात आणि बाकावरच्यांना, दारातल्यांना, पत्र्यापलीकडे मलाही ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात सांगतात, "ऐका रे बठ्ठा! रुपचंद म्हनस, वस्तरा बोथट शे!"

मग पट्टा हातात घेतात.